परक्या गल्लीतील वाटी

कोरियन मालिका पाहून मुले आपल्या चालीरीती विसरतील, अशी भीती आमच्या पुलगावात माझ्या वयाचे पुष्कळ लोक बोलून दाखवितात. मला ती पटत नाही. मुलांनो, साठी उलटल्यावर मलाही या मालिकांचा छंद जडला आहे! २०१५-१६ साली प्रसारित झालेली ‘रिप्लाय १९८८’ ही त्यांतील माझी विशेष आवडती. सोल शहरातील एका गल्लीत पाच कुटुंबे राहतात. जेवणाच्या वेळी एका घरची आई मुलाच्या हाती शेजारी एखादा पदार्थ पाठविते. मुलगा परततो तो दुसराच पदार्थ घेऊन. ही पाठवापाठवी इतकी वाढते, की सगळ्या घरची मुले वाटेतच एकमेकांना भेटतात. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, हा आपला रिवाज त्यांना कोणी बरे शिकविला? तेक नावाच्या मुलाच्या वडिलांना शेजारी ‘तेकचे बाबा’ म्हणतात. आपल्याकडे ‘बंडूची आई’ म्हणतात, अगदी तसेच. (मालिका मूळ भाषेतच पाहावी. वडीलधाऱ्यांशी बोलताना तेथे क्रियापदाचे रूप बदलते, ते कानांना कळते.)

आमच्या गल्लीत अशी वाटी येणे वीस वर्षांपूर्वीच थांबले. तेव्हा येथे कोरियन मालिकांचे नावही कोणास ठाऊक नव्हते.