खोका मोठा, खेळणं छोटं

आज जरा भांडायचं आहे, आणि तेही खेळण्यावरून. चाळिशी उलटलेल्या माणसाने खेळण्यावरून भांडू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही नोंद सोडून द्यावी. (आमच्या काका-मामा-आत्या मंडळींनी मात्र सोडू नये, कारण भांडण त्यांच्याशीच आहे.)

गाडीचा रोबो होणारं बोटभर खेळणं असतं ना, ते फार चांगलं खेळणं आहे. पण ते ज्या भल्यामोठ्या वाहनासोबत एकाच खोक्यात घालून विकतात, ते वाहन म्हणजे खेळणंच नव्हे. खोका मोठा दिसावा म्हणून भरलेला पेंढा आहे तो. आणि हा पेंढा पोरं विकत घेत नाहीत, आपण मोठी माणसं घेतो.

असा एक संच चिरंजीवांच्या आठव्या वाढदिवसाला आमच्याकडे आला. कंपनीचं नाव घेत नाही, देणाऱ्याचं तर नाहीच नाही. उगाच हवेत बोलायला नको म्हणून बायको बाहेर गेल्यावर दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. रोबो १९ ग्रॅम. वाहन, बॅटऱ्या काढून, ३६२ ग्रॅम. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो एकूण वजनाचा विसावा हिस्सासुद्धा नाही!

आधी त्या १९ ग्रॅमबद्दल. लाल रंगाची छोटी गाडी, माझ्या तर्जनीएवढी. मागचा भाग ओढला की लांब होतो, मधून दुभंगतो, आणि त्याचे दोन पाय होतात. दारं बाहेर फिरवली की हात. पुढचं बॉनेट खाली वळवलं की छाती, आणि त्या बॉनेटखाली आतापर्यंत उलटं झोपलेलं डोकं वर येतं. सात हालचाली, बस्स. पण पाचवी हालचाल चौथीच्या आधी केली तर दार खांद्याला अडतं, म्हणजे क्रम समजावा लागतो. खांद्याचा सांधा चेंडू आणि वाटीसारखा आहे. जोरात ओढलं तर हात मोडत नाही, सुटून येतो, आणि दाबला की पुन्हा बसतो. ज्याने कोणी ही जोडणी आखली त्याला पोरांचे हात ठाऊक आहेत, आणि एवढ्याशा जागेत त्याने फार डोकं लढवलेलं आहे. गुडघे वाकत नाहीत, पाय मागून पोकळ आहेत, रंग फक्त डोळ्यांना आणि छातीवरच्या चिन्हाला. हे दोष आहेतच. पण चिरंजीव आता डोळे मिटून बोटांनी गाडीचा रोबो करतात आणि पुन्हा गाडी करतात. मला ते अजून जमत नाही.

आता वाहन. फूटभर लांब, सहा चाकं, त्यातली दोन नुसती शोभेची. खालून पाहिलं तर ढोलासारखं मोकळं. एक बटण दाबलं की तीन प्रकारचे भोंगे वाजतात (चौथा प्रकार म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा आवाज). रोबोला बसायला जागा आहे, पण बसता येत नाही, कारण गुडघे वाकत नाहीत. मग त्याला आडवा झोपवून न्यावा लागतो, म्हणजे रुग्णवाहिकाच. खोक्यावर छापलंय की या वाहनाचा 'तळ' होतो. होतो काय, तर बाजूचं एक झाकण उघडतं आणि उतरण बाहेर येते. झाकण उघडण्याला रूपांतर म्हणायचं असेल तर आमच्या बेडरूममधलं लोखंडी कपाट गेली पंधरा वर्षं रोज रूपांतर करतंय.

आता कोणी म्हणेल, या खेळण्यांत मोठं वाहन पहिल्यापासून असतंच की. थोडा इतिहास बघू. जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांतले रोबो अमेरिकेच्या हॅस्ब्रोने घेतले आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकायला काढले. त्यातला ऑप्टिमस प्राइम ट्रक होता, आणि त्याच्यामागे डब्यासारखा ट्रेलर होता. तो उघडला की तळ व्हायचा. त्या ट्रेलरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो ट्रकला जोडला जायचा, आत एखादी छोटी गाडी मावायची, आणि ट्रक त्याच्याशिवायही पूर्ण रोबो होता. (कार्टूनमध्ये प्राइम उभा राहिला की हा ट्रेलर कुठे गडप व्हायचा हे कोणालाच कळलं नाही, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे मोठं वाहन असूच नये असं माझं म्हणणं नाही. ते छोट्याच्या मदतीला असावं, एवढंच.

आणि त्याच १९८४ च्या मालिकेत सगळ्यात स्वस्तांपैकी एक होता बंबलबी. चेपून बसवलेल्या बीटल गाडीसारखा दिसणारा, मुठीत मावणारा. सोबत तळ नाही, ट्रेलर नाही. आज कोणत्याही पोराला विचारा, ऑप्टिमसच्या खालोखाल त्याचंच नाव येईल. २००७ च्या सिनेमात त्याला ऐटबाज कमॅरो करून टाकलं, पण २०१८ मध्ये त्याच्या नावाचा स्वतंत्र सिनेमा निघाला तेव्हा पुन्हा बीटलवरच यावं लागलं.

पुढचा किस्सा तर माझ्या भांडणासाठीच घडला की काय असं वाटतं. १९८९ मध्ये 'मायक्रोमास्टर्स' आले. दोनेक इंचांचे रोबो, चार-चारच्या टोळ्या एका पुठ्ठ्यावर. शिवाय त्यांच्यासाठी मोठी वाहनं आणि तळ होते, स्कायहॉपर नावाचं हेलिकॉप्टर त्यातलंच. तोवर ठीक होतं, रोबोही बदलत होते आणि वाहनंही. मग १९९० मध्ये 'ॲक्शन मास्टर्स' काढले. यातले रोबो काही होतच नव्हते! नुसते बाहुले. रूप बदलायची ती त्यांच्यासोबतची वाहनं. म्हणजे ज्या एका गुणासाठी पोरं हे खेळणं मागत होती, तो गुण नायकाकडून काढून गाडीला दिला. त्यानंतर अमेरिकेत ही खेळणी दुकानांतून गेली ती १९९३ पर्यंत. एवढ्या एकाच कारणाने गेली असं मी म्हणणार नाही. पण वाहनाने रोबोला गिळलं की काय उरतं, ते त्या वर्षी दिसलं.

आपल्याकडे यात पैशाचीही एक गंमत आहे. परदेशी खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क सरकारने २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. ते लागतं वस्तूच्या किमतीवर. आमच्या खोक्यावर परदेशी बनावटीचा शिक्का आहे. म्हणजे त्या पोकळ प्लास्टिकच्या आतल्या हवेवरसुद्धा कोणीतरी ७० टक्के भरले, आणि ते शेवटी काकांच्या खिशातून गेले. तेवढ्यात सुटे छोटे रोबो चार तरी आले असते.

इथे दुसरी पार्टी उठेल. हे सगळं प्लास्टिकच वाईट, त्यापेक्षा सावंतवाडीची लाकडी खेळणी आणा! आणा की. आमच्याकडे ती लाकडी केळी, वांगी आणि सीताफळं आहेत, मला फार आवडतात. पण लाकडी म्हणजे आपोआप चांगलं आणि प्लास्टिक म्हणजे आपोआप टाकाऊ, हे मला मान्य नाही. आपल्याच भातुकलीची कसोटी लावा ना. भातुकलीतलं जातं बोटभर असतं, पण फिरतं. पातेल्यात चमचाभर भात मावतो, पण मावतो. छोटं असून खरं. या कसोटीवर माझा १९ ग्रॅमचा रोबो भातुकलीच्या शेजारी बसतो आणि ते ३६२ ग्रॅमचं वाहन बाहेर राहतं. प्लास्टिक तर दोन्हींचं तेच आहे.

आता ज्यामुळे खरा राग आला ते सांगतो. त्याच आठवड्यात आमच्या भाच्याचाही वाढदिवस होता. त्याला त्याच्या आत्याने सुटा रोबो दिला होता, निळा, पुठ्ठ्यावर लावून मिळतो तो. दोघं पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत आपापला रोबो बदलत बसली होती, कोणाचा आधी होतो अशी शर्यत. वाहन कोपऱ्यात पडलं होतं, त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. तेवढ्यात घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने, अगदी प्रेमाने, भाच्याला विचारलं, "अरे, तुला एवढुसंच मिळालं होय?"

पोराने हातातल्या निळ्या रोबोकडे पाहिलं. मग मूठ मिटली आणि हात मांडीखाली घेतला. शर्यत तिथेच थांबली.

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आपण मोठी माणसं भेट मोजतो ती खोक्याने. चारचौघांत देताना हात भरलेला दिसला पाहिजे, फोटोत खोका दिसला पाहिजे. दुकानदाराला हे कळतं, कंपनीला तर फारच आधी कळलंय. मग पेंढा भरला जातो, आणि ज्याच्या हातात अस्सल वस्तू आहे त्या पोराला ती लपवावीशी वाटते. मला त्या वाहनाचा राग आहे तो यासाठी. नाहीतर माळ्यावर जागा पुष्कळ आहे.

वाहनाच्या बॅटऱ्या सहाव्या दिवशी संपल्या. मी नव्या आणलेल्या नाहीत आणि कोणी मागितलेल्याही नाहीत. लाल रोबो मात्र कंपासपेटीत शाळेत जातो, वर्गकोनाच्या शेजारी. एकदा बाईंनी जप्त केला होता, दुसऱ्या दिवशी परत दिला. रोबोच्या रूपात दिला म्हणे. म्हणजे बाईंनाही जमलं.

तर नातेवाईक मंडळी, दिवाळी आता लांब नाही. दोघांनाही सुटे रोबोच आणा, पुठ्ठ्यावरचे. आमच्याकडे लाल आहे, भाच्याकडे निळा आहे. दोघांनी मिळून पिवळा ठरवलाय, पण तो एकच आणला तर माझ्या घरात महाभारत होईल. दोन आणा.