मागचं दार का अडतं?

दोस्तांनो, पावसाळ्यात तुमच्या घरचं मागचं दार अडतं ना? लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगतं. धाग्यांच्या दिशेनं अगदी थोडं, पण आडवं चांगलंच! तेव्हा लाथा मारू नका. आधी बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत का, ते बघा. मग चौकटीला आतून खडू फासा आणि दार लावून उघडा. दाराला जिथं खडू लागेल, तिथंच ते घासतंय! तिथं मेणबत्ती चोळा. रंधा मारायची घाई मात्र नको. उन्हाळ्यात लाकूड आकसलं, की फट पडेल अन् विंचवांना आयती वाट मिळेल. पण आजीला दार उघडतच नसेल, तर आई-बाबांना सांगून सुतार बोलवाच. पुढं आग लागली, तर तेच दार सुटकेचं!