जीपीजीचा पोशिंदा कोण?

अमेरिकी सरकारच्या पाळतीची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने २०१३मध्ये पत्रकारांना गाठलं ते कूटबद्ध ईमेलने. त्यासाठी वापरात असलेलं जीपीजी हे मुक्त सॉफ्टवेअर जर्मनीतले वेर्नर कॉख १९९७पासून जवळपास एकहाती सांभाळत होते. लिनक्सवर नवं पॅकेज उतरवताना त्यावरची डिजिटल सही खरी की बनावट, हे तपासण्याचं कामही वर्षानुवर्षं याच सॉफ्टवेअरने केलं.

आणि कॉख यांची कमाई? २००१पासून वर्षाला सरासरी २५ हजार डॉलर. २०१३च्या सुरुवातीला तर हा व्याप सोडून सरळ नोकरी धरायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये ‘प्रोपब्लिका’ने त्यांची ओढाताण छापली, तेव्हा कुठे चक्रं फिरली. देणग्यांचा ओघ सुरू झाला. फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५० हजार डॉलर देऊ केले.

झालं ते उत्तमच. पण प्रत्येकाची बातमी होत नाही. ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही सुरक्षेची खोट २०१४मध्ये उघड झाली, तोवर निम्म्या इंटरनेटचा आधार असलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाकाठी देणग्या मिळत जेमतेम दोन हजार डॉलर!

बेंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. प्रकल्पाने ‘फंडिंग.जेसन’ नावाची छोटी फाइल प्रसिद्ध करून आपली गरज मांडायची आणि अर्ज करायचा. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनीही आपण फुकट वापरत असलेल्या सॉफ्टवेअरची यादी काढावी आणि येत्या अंदाजपत्रकात ते सांभाळणाऱ्यांसाठी रक्कम बाजूला ठेवावी.