तारा लावा, पण मुद्द्याचं बोलू नका

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या कमिटीची मीटिंग होती. मी कमिटीत नवाच. (वेबसाइट कोणीतरी सांभाळायला हवी म्हणून घेतलंय मला. सॉफ्टवेअरवाला म्हटलं की प्रिंटरपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात येतं, तो विषय वेगळा.) अजेंड्यावर पहिला विषय नाताळचा तारा. मागच्या वर्षी बांबूचा होता, यंदा लोखंडी फ्रेम करून एलईडी लावायचे का, यावर घड्याळ लावून 35 मिनिटं चर्चा झाली. मग केकची ऑर्डर. मग 'इतर विषय' आले तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, नोव्हेंबरातला दुसरा रविवार देशातली बरीच चर्चेस 'दलित मुक्ती रविवार' म्हणून पाळतात. प्रॉटेस्टंटही पाळतात, कॅथलिकही. आपण कधीच पाळला नाही. यंदा उपासनेत 20 मिनिटं देऊ या का?

शांतता.

मग एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे, अगदी प्रेमानं म्हणाले, "बाळा, उपासनेत राजकारण नको."

विषय संपला. एलईडी मंजूर.

तेव्हापासून आठवडाभर हे वाक्य डोक्यात फिरतंय. मीटिंगमध्ये जे सुचलं नाही ते आता शनिवारी सकाळी चहा घेत इथे लिहितोय. माझं नेहमीच असं होतं, उत्तर सुचतं ते जिना उतरताना.

ज्यांना ख्रिस्ती वर्ष म्हणजे 25 डिसेंबर आणि ईस्टरची अंडी एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, तिथून ते सुरू होतं. मग नाताळ, मग चाळीस दिवसांचा उपासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, आणि मग पुढे लांबच लांब साधा काळ. प्रत्येक काळाचा रंग ठरलेला. प्रत्येक रविवारी वाचायचे उतारेही ठरलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर हा क्रॉन जॉब आहे. तुमचा मूड असो वा नसो, त्या तारखेला तो उतारा तुमच्यापुढे येणारच. पाळकानं आपल्या आवडीचंच वाचत बसू नये, म्हणून तर ही व्यवस्था.

आता गंमत बघा. जॉब दर रविवारी वेळेवर चालतोय, लॉगमध्ये 'यशस्वी' लिहिलं जातंय, आणि आउटपुट शून्य!

आगमनकाळात मरियेचं गीत येतं. एका आडगावची गरीब मुलगी, लग्नाआधी दिवस गेलेले, आणि ती गाते काय? तर देव सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढतो, भुकेल्यांची पोटं भरतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं परत पाठवतो. आमचा क्वायर हे चार आवाजांत गातो. नंतर चहापाण्याला चर्चा होते ती टेनर कुठे घसरला याची. कोणाला आसनावरून खाली ओढायचं म्हणतेय ही बाई, असं आजवर एकानंही विचारलेलं मी ऐकलं नाही. नाताळनंतर तीनच दिवसांनी, 28 डिसेंबरला, हेरोदानं मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांची आठवण करायची असते. पण 28 डिसेंबरला आपण सगळे गोव्यात असतो.

'उपासनेत राजकारण नको' म्हणणाऱ्यांना मी एकच सण दाखवतो. चर्चच्या वर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा. हा सण काही प्रेषितांच्या काळापासूनचा नाही. तो 1925 मध्ये पोप अकरावे पायस यांनी सुरू केला. पहिलं महायुद्ध होऊन गेलेलं, इटलीत मुसोलिनी सत्तेवर, आणि रोममधून सांगितलं गेलं की राज्यकर्त्यांच्याही वर एक राजा आहे. यात पोपसाहेबांचा स्वतःचा हिशेबही होताच, मी काही त्यांची आरती ओवाळत नाही. पण हे राजकारण नव्हतं तर काय होतं? आज अनेक प्रॉटेस्टंट चर्चेससुद्धा हा सण पाळतात. फक्त तो आपल्या राजकारणाचा नाही, म्हणून आपल्याला ते 'अध्यात्म' वाटतं.

ऑस्कर रोमेरो यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. एल साल्वादोर देशातले आर्चबिशप. 23 मार्च 1980, उपासकाळातला रविवार. प्रवचनात त्यांनी सैनिकांना थेट सांगितलं की आपल्याच भावंडांना मारण्याचा हुकूम मानू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका हॉस्पिटलच्या छोट्या चॅपेलमध्ये, मिस्सा चालू असताना, त्यांना गोळी घातली. 2018 मध्ये ते संत झाले. आता त्यांची तसबीर लावायला कोणाची हरकत नसते. मेलेल्या संताचं राजकारण चालतं आपल्याला!

असो. एल साल्वादोर लांब आहे. नगरला येऊ या.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला ठाणं केलं, आणि पुढच्या काळात त्या भागात जे ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महार-मांग समाजातले. माझं घराणंही त्यातलंच. हे वाक्य असं उघड्यावर लिहायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली. आजोबा सांगायचे, बाप्तिस्मा झाला, नाव बदललं, अक्षरओळख झाली, पण घर राहिलं तिथेच, वेशीबाहेर. गावच्या विहिरीला काही कळलं नाही आमचा धर्म बदलल्याचं.

पण सरकारला मात्र लगेच कळलं. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद असा की हिंदूंशिवाय इतर धर्माची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर. म्हणजे एकाच आळीतली दोन घरं, एकाच आजीची नातवंडं. एकाला राखीव जागा, राखीव मतदारसंघ, आणि मारहाण झाली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा. दुसऱ्याला यातलं काहीच नाही, कारण तो रविवारी वेगळ्या इमारतीत जातो. मारणारा मात्र मारताना धर्म विचारत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्येच ही अट काढून टाका म्हणून लिहून दिलं. पुढे 2022 मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगांचं पीक उदंड आहे.

आता यावर नेहमीचं उत्तर येतं: "ख्रिस्तात जात नाही, मग जातीचा दाखला कशाला मागता?" ऐकायला छान आहे, आणि हिंदुत्ववाले आणि आमचे काही पाळक, दोघेही अगदी सारख्या शब्दांत हे म्हणतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. ख्रिस्तात जात नाही, कबूल. पण ख्रिस्ती लोकांत आहे ना! स्थळं बघताना 'मूळचे कुठले, कोणत्या मिशनचे' हा प्रश्न काय भूगोलाच्या आवडीपोटी विचारतात? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला भिंत आहे. मेल्यावरही! कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचं धोरण काढलं, त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे स्वतःच मान्य केलं. भारतातून पहिले दलित कार्डिनल झाले ते 2022 मध्ये, हैदराबादचे अँथनी पूला. दोन हजार वर्षांच्या संस्थेला एवढा वेळ लागला.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं: "आपण शाळा काढल्या, दवाखाने काढले, अजून काय करायचं?" याला मी हलक्यात घेत नाही. मी स्वतः त्या शाळांचं फळ आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली-बायका केडगावला आणून जगवल्या. सावित्रीबाई नगरला मिस फॅरार यांच्याकडे शिकवायचं शिकल्या. हे सगळं खरंच आहे. पण दान आणि न्याय यात फरक आहे. दानात देणाऱ्याचा हात वर राहतो आणि त्याची खुर्ची हलत नाही. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर लिहिताना नेमकं यावरच बोट ठेवलंय: सामाजिक अन्याय दूर करायला हा समाज समाज म्हणून कधी लढलाच नाही. ते वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग मनातल्या मनात खोडून काढायला उदाहरणं शोधू लागलो. बोटांवर मोजण्याइतकी सापडली.

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? 2006 साली केंद्रीय शिक्षणसंस्थांमधल्या ओबीसी आरक्षणावरून रान पेटलं होतं. मी तेव्हा हिंजवडीत नवा नवा लागलेला. कँटीनमध्ये रोज मेरिटवर प्रवचनं चालायची, 'त्या लोकांना' डोक्यावर बसवून ठेवलंय वगैरे. कोणीतरी मला म्हणालं, "तू ख्रिश्चन ना, तुला काय त्याचं?" माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मी हसलो आणि डोसा खात राहिलो. तो उपासकाळ नव्हता, पेंटेकॉस्टच्या आसपासचे दिवस होते. भीतीनं दार लावून बसलेले लोक बाहेर येऊन बोलू लागले, त्याचा सण तो! मी काय केलं, तर आणखी चटणी मागितली.

आता एकच प्रसंग, आणि मग थांबतो.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री, पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी असतो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. पाय धुणं हे त्या काळी नोकराचं काम, आणि पेत्राला ते पाहवेना. पोप फ्रान्सिस 2013 मध्ये रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या कैद्यांचे पाय धुतले, मुलींचेही, मुस्लिमांचेही. केवढा गहजब झाला होता तेव्हा. आमच्याकडे बारा जणांची यादी आधीच ठरते, कमिटीच ठरवते. ते बारा जण घरून स्वच्छ पाय धुऊन, नवे मोजे घालून येतात. पाळकसाहेब थेंबभर पाणी सोडतात, टॉवेल लावतात, फोटो निघतो. घंगाळात पाणी भरून ठेवतात त्या चर्चच्या सफाईच्या मावशी. विधी झाल्यावर सांडलेलं पाणी पुसतात त्याही मावशीच. सतरा वर्षं त्या हे करतायत. त्यांचे पाय कोणी धुतले नाहीत. त्यांना पगार किती, पीएफ आहे का, हेही मी गेल्या महिन्यात कमिटीत आल्यावर पहिल्यांदा विचारलं. पीएफ नाही. आणि हा विषय अजेंड्यावर घ्या म्हटलं तर तेही 'इतर विषयांत' गेलं.

तर मला हवंय काय? ताऱ्याला विरोध नाही. लावा, एलईडीच लावा, मला आवडतो तारा. पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी 20 मिनिटं द्या. त्या दिवशी 1950 च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद मराठीत मोठ्यानं वाचा, बस्स. मंडळीतल्या किती जणांच्या घरात त्या परिच्छेदानं काय केलं हे मग लोक आपसूकच सांगतील. आणि मावशींचा पीएफ नाताळच्या आधी सुरू करा. केकच्या बजेटमधून सहज निघेल, एक्सेल शीट मी करून देतो.

रविवारचं पत्रक टाइप करायचं काम माझ्याकडेच आहे. त्या रविवारच्या पत्रकात वरच्या दोन्ही गोष्टी मी घातल्यात, आणि ड्राफ्ट सगळ्या कमिटीला ईमेल केलाय. लपूनछपून काही नाही. पाच दिवस झाले, उत्तर आलेलं नाही. ताऱ्याच्या वर्गणीचं रिमाइंडर मात्र काल रात्री आलं, 500 रुपये. भरले.