यहुदी स्त्रीधन आणि सोडचिठ्ठी

जुन्या धर्मशास्त्रांनीं स्त्रियांस हक्क दिले होते कीं नव्हते, हा वाद आमच्याकडे फार दिवसांचा आहे. एक पक्ष चार अनुकूल वचनें काढतो, दुसरा चार प्रतिकूल वचनें काढतो, आणि ज्या बाईच्या नांवानें हें सर्व चाललेलें असतें तिच्या हातांत शेवटीं काय पडतें, हें पाहण्यास कोणासच सवड नसते. या बाबतींत यहुदी लोकांचें विवाहशास्त्र लक्षपूर्वक पाहण्याजोगें आहे. नवराबायकोच्या मालमत्तेचा इतका बारीक हिशेब फार थोड्या प्राचीन शास्त्रांनीं मांडला असेल. आणि इतकें करूनही तो हिशेब एका जागीं येऊन कसा अडतो, हेंही तेथेंच स्पष्ट दिसतें. कोंकणपट्टींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल याच शास्त्राचे अनुयायी असल्यामुळें हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं.

विवाहाच्या वेळीं वर वधूस ‘केतुबा’ नांवाचा लेख करून देतो. नवऱ्यानें टाकल्यास किंवा तो मेल्यास कुमारिकेपणीं लग्न झालेल्या बायकोस २०० झूझ व विधवेस १०० झूझ, अशी किमान रक्कम त्यांत बांधून दिलेली असे. ज्याच्यापाशीं २०० झूझ आहेत त्यानें गोरगरिबांसाठीं शेतांत राखलेल्या धान्यास हात लावूं नये, असा त्याच शास्त्राचा नियम असल्यामुळें ही रक्कम केवळ नांवाची नव्हती हें उघड आहे. बायकोस घालवून देणें नवऱ्यास सोपें वाटूं नये, हा या तरतुदीचा हेतु.

हा हेतु एकाएकीं साधला मात्र नाहीं. ताल्मूदांत त्याची मोठी मौजेची हकीकत आहे. आरंभीं ही रक्कम बायकोच्या बापाच्या घरीं ठेवीत. तेव्हां नवऱ्यास राग आला कीं तो तिला सरळ केतुब्याकडे, म्हणजे माहेरीं, चालती हो म्हणे. मग ती सासरीं ठेवण्याची वहिवाट पडली, व श्रीमंत लोक तिच्या सोन्यारुप्याच्या टोपल्या करून ठेवूं लागले. तरी नवरा टोपली दाखवून बायकोस दार दाखवीच. अखेर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत शिमोन बेन शेतह या शास्त्र्यानें ठरविलें कीं, वेगळी रक्कम काढून ठेवूं नये. नवऱ्याची सगळी मालमत्ताच त्या देण्यास तारण असावी. आतां बायकोस घालवावयाची तर शेत विकावें लागेल, धंद्यांतला पैसा मोकळा करावा लागेल! मनुष्याचा राग आंवरण्यास उपदेशापेक्षां गहाणखत अधिक उपयोगी पडतें, हें या शास्त्र्यास पक्कें ठाऊक होतें असें दिसतें.

बायकोनें माहेराहून आणलेल्या मालमत्तेचे दोन प्रकार केलेले आहेत. एकास ‘लोखंडी मेंढ्या’ असें चमत्कारिक नांव आहे. हिची किंमत केतुब्यांत लिहीत. नवऱ्यानें ती वापरावी, वाढवावी कीं बुडवावी, हा त्याचा प्रश्न, पण लग्न संपलें कीं लिहिलेली किंमत त्यानें भरून दिलीच पाहिजे. मेंढ्या मेल्या तरी हिशेबांत त्या लोखंडाच्या! दुसरा प्रकार ‘मेलोग’. यांत मालकी बायकोची, उत्पन्न नवऱ्याचें. शेत तिचें, पीक त्याचें. आमच्या याज्ञवल्क्यानें दुष्काळ, धर्मकार्य, आजार व कैद अशा प्रसंगीं घेतलेलें स्त्रीधन परत न देण्याची मोकळीक नवऱ्यास दिली. यहुदी शास्त्रानें मुद्दल राखलें, पण उत्पन्न रोजचेंच नवऱ्याच्या पदरांत घातलें. त्याचा मोबदलाही सांगितला आहे. नवऱ्यानें अन्न द्यावें, बायकोनें हातचें काम द्यावें. त्यानें मेलोगचें उत्पन्न खावें, पण तिला शत्रूनें धरून नेल्यास पैसे भरून सोडवावें. इतकेंच नव्हे, तर तुझें अन्नही नको व माझी कमाईही तुला नको, असें म्हणण्याची मुभा बायकोस होती. इंग्लंडांतील विवाहित स्त्रीस आपल्या मालमत्तेची पुरी मालकी मिळण्यास १८८२ साल उजाडावें लागलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या शास्त्रकारांविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

तथापि हा सौदा बरोबरीचा नव्हता. बायको मेली तर नवरा तिचा वारस. नवरा मेला तर बायको त्याची वारस नव्हे, तिनें केतुब्यावर व पोटगीवर भागवावें. आणि याहून मोठें वैगुण्य निराळेंच आहे. लग्न मोडावयाचें तर ‘गेट’ नांवाची सोडचिठ्ठी नवऱ्यानें राजीखुशीनें बायकोच्या हातांत दिली पाहिजे. धर्मपंचांनीं त्यास बोल लावावा, कांहीं प्रसंगीं सक्तीही करावी. पण त्याच्याऐवजीं ती चिठ्ठी देण्याचा अधिकार त्यांसही नाहीं. ती मिळेपर्यंत बाई ‘अगुना’, म्हणजे बांधलेली. तिनें दुसऱ्या पुरुषाशीं संसार केला तर होणाऱ्या मुलांस समाजांत लग्नाची वाट बंद; नवऱ्यानें अविवाहितेशीं तसेंच केल्यास त्याच्या मुलांस हा डाग नाहीं. मग नवरा काय म्हणतो? घरावरचा हक्क सोड, केतुबा माफ कर, पोटगीचा दावा काढून घे, मग चिठ्ठी देतों! शिमोन बेन शेतहनें नवऱ्याची मालमत्ता बायकोकडे तारण ठेविली होती. येथें बायकोची मोकळीकच नवऱ्याकडे तारण पडते, आणि तिचें सारें धन ती सोडविण्यांत जातें.

हें आज केवळ पोथींतलें राहिलें असतें तर आम्ही त्यावर अग्रलेख खर्ची घातला नसता. इस्रायलांत १९५१ सालच्या कायद्यानें विवाहित स्त्रीस आपल्या मालमत्तेवर पूर्ण अधिकार दिला, पण विवाह व घटस्फोट यांस त्यांतून वगळलें; १९५३ सालीं तेथील यहुद्यांचे हे दोन्ही विषय धर्मन्यायालयांकडे सोंपविले. १९७३ सालच्या कायद्यानें संसारांत मिळविलेल्या संपत्तीची निम्मेनिम वांटणी सांगितली खरी. परंतु ती केव्हां करावयाची? तर लग्न संपल्यावर! म्हणजे जो नवरा चिठ्ठी अडवील तो वांटणीही अडवील. १९९४ सालीं न्यायमूर्ति आहारोन बराक यांच्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें धर्मन्यायालयांस बजावलें कीं, मालमत्तेच्या प्रश्नांत त्यांनींही देशाचा दिवाणी कायदाच लावला पाहिजे. तरीही घटस्फोटापूर्वीं वांटणी मागण्याची वाट १९७३ च्या कायद्यांत उघडण्यास २००८ साल लागलें. पस्तीस वर्षें ही उघड चूक चालूं देण्यास कोणतें धर्मवचन आड आलें होतें, हें कोणी आम्हांस दाखवावें.

धर्मशास्त्र बदलतां येत नाहीं हें उत्तर येथें चालावयाचें नाहीं. सुमारें इ. स. १००० मध्यें जर्मनींतील रब्बी गेर्शोम यांच्या नांवाच्या निर्बंधांनीं बहुपत्नीत्व बंद केलें व बायकोच्या इच्छेविरुद्ध तिला सोडण्यास मनाई केली. अलीकडे अमेरिकेंतील सनातनी रब्बींनीं लग्नापूर्वींचा एक करार प्रचारांत आणला आहे. दोघें वेगळीं राहूं लागल्यापासून चिठ्ठी देईपर्यंत नवऱ्यानें ठराविक रक्कम रोज पोटगी म्हणून द्यावी, असा तो आहे. युक्ति शिमोनचीच, फक्त कुलूप उघडण्याकडे लाविलेली.

आमच्या बेने इस्रायल भगिनींची कथा तर विशेष आहे. १८६५ सालच्या हिंदी वारसा कायद्यानें, १ जानेवारी १८६६ पासून होणाऱ्या त्यांच्या विवाहांत, केवळ लग्नामुळें नवऱ्यास बायकोच्या मालमत्तेंत कोणताही हक्क मिळेनासा झाला. म्हणजे मुंबई-अलिबागच्या या बायका मालमत्तेच्या बाबतींत लंडनच्या मडमांच्या पुढें होत्या. १९४८ नंतर हा समाज बहुतांशीं इस्रायलांत गेला. तेथें यांच्या पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रोक्त गेट देऊन झाले होते काय, अशी शंका काढून धर्मपीठानें त्यांच्या लग्नांत आडकाठी घातली, व १९६४ सालीं निदर्शनें करून त्यांस पूर्ण यहुदीपणाची मान्यता मिळवावी लागली. कोंकणांतील कोण्या खापरपणजीच्या सोडचिठ्ठीचा हिशेब पणतीच्या लग्नांत मागण्याइतकें दक्ष असणारें हें धर्मपीठ, चिठ्ठी विकणाऱ्या नवऱ्याविषयीं तितकेंच दक्ष असावें, एवढें मागणें जास्त आहे काय? ज्या दिवशीं केतुब्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात, त्याच दिवशीं, त्याच मांडवांत, चिठ्ठी न अडविण्याच्या करारावरही वराची सही घ्यावी. आणि जो रब्बी ती घेण्याचें टाळील त्याच्याकडून लग्न लावून घेण्याचें वधूच्या बापानें नाकारावें.