मयताचा फंड कोणाचा?

कामगाराच्या घरीं दहाव्यापर्यंत रडारड असते आणि दहाव्यानंतर भांडण असतें. भांडण कशाचें, तर फंडाचें. गिरणी, रेल्वे, एस. टी., नगरपालिका, कोठेंहि जा, नोकराच्या पगारांतून दरमहा कांहीं ना कांहीं कापलें जातेंच. प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, पतपेढीचा भाग कापला जातो, मेलेल्या सभासदाच्या घरास मदत म्हणून वर्गणी कापली जाते. हा पैसा कोणी धर्म म्हणून देत नाहीं. तो मेलेल्या माणसानेंच पोटाला चिमटा घेऊन ठेविलेला असतो. असें असतां त्याच्या बायकोला तो मिळवण्यासाठीं कोर्टाच्या पायऱ्या कां झिजवाव्या लागतात?

मूळ एका कागदांत आहे. पोरगा अठराव्या-विसाव्या वर्षीं कामावर लागतो. त्याच्यापुढें फॉर्म येतो, व ‘माझ्या पश्चात् रक्कम कोणास द्यावी’ असा त्यांत एक रकाना असतो. लग्न झालेलें नसतें, म्हणून आईचें नांव पडतें. आई नसेल तर थोरल्या भावाचें. कित्येकदां तेंहि तो स्वतः लिहीत नाहीं. कारकून विचारतो, कारकूनच लिहितो, आणि हा खालीं सही ठोकतो. पुढें लग्न होतें, मुलें होतात, तीस वर्षें जातात. कागद मात्र कपाटांत आहे तसाच. माणूस गेला कीं तो कागद बोलूं लागतो, आणि त्याच्या जोरावर भाऊ मिशीला पीळ देऊन वहिनीला म्हणतो, “नांव माझें आहे, पैसा माझा आहे.”

भाऊसाहेबांना कोणी तरी सांगावयास हवें कीं कायदा असें म्हणत नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयापुढें विम्याचा एक दावा निकालास निघाला. पॉलिसीवर बायकोचें नांव होतें. मयताची आई व मुलगा हिस्सा मागत होते. नॉमिनी म्हणजे पैसे घेणारा हात, मालक नव्हे. पैसा वारसांचा, असें न्यायालयानें सांगितलें. पुढें २००९ सालीं फंडाचें प्रकरण आलें. बँकेंतील एका नोकरानें लग्नापूर्वीं आईचें नांव लिहिलें होतें. लग्नानंतर तें बदलावयाचें राहिलें व तो १९९० सालीं वारला. तेथेंहि न्यायालयानें हाच न्याय लावला. हिंदु वारसा कायद्यांत आई व विधवा दोघीहि पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, तेव्हां नुसत्या नांवावरून एकीला सारें व दुसरीला कांहीं नाहीं असें होऊं शकत नाहीं. निकाल बरोबर झाला. पण नवरा गेल्यापासून निकाल हातांत पडेपर्यंत त्या बाईचीं अठरा वर्षें गेलीं!

१९५२ च्या प्रॉव्हिडंट फंड योजनेनें तर याहून पुढें जाऊन, लग्नापूर्वींचें नांव लग्न होतांच रद्द समजावें, असा नियम घातला. असा नियम आहे हें किती कामगारांच्या बायकांना ठाऊक असेल? उलट २०१५ सालीं विम्याचा कायदा दुरुस्त होऊन, आई-बाप, नवरा-बायको किंवा मुलें यांचें नांव असल्यास तेच रकमेचे धनी, असें ठरलें. म्हणजे एकाच मयताच्या दोन कागदांस दोन न्याय. शिकलेल्यांची मति गुंग होते, तेथें खात्यांतील मजुरानें काय करावें?

दोन संसारांचें प्रकरण याहून अवघड. कोळशाच्या खाणींतील एका कामगारानें पहिली बायको हयात असतां दुसरी केली. दुसरीपासून चार मुलें झालीं, आणि फंडाच्या कागदावर नांव तिचें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वारसदाखला दुसरीला दिला, कारण ती नॉमिनी होती व त्या चार मुलांची आई होती; मात्र पहिल्या बायकोचा एकपंचमांश हिस्सा राखून ठेविला. आमच्या मतें हा निकाल माणुसकीचा झाला. परंतु जो हिशेब नवऱ्यानें जिवंतपणीं करावयाचा, तो दिल्लीच्या न्यायाधीशांना करावा लागला हें विसरून चालणार नाहीं.

आतां पतपेढ्यांच्या कारभाऱ्यांविषयीं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याप्रमाणें कागदावरील नांवास पैसे दिले कीं संस्था मोकळी. आणि तक्रार आली, कीं ‘कोर्टाचा दाखला आणा’ म्हणून बाईला वाटेस लावलें कीं पुन्हां मोकळी. चुकीच्या माणसास पैसे गेले तर पंचांच्या गळ्याशीं येतें, हें आम्हांस समजतें. पण जे कारभारी दरमहा न चुकतां वर्गणी कापतात, त्यांना तीस वर्षांत एकदांहि तो कागद उघडून पाहावासा वाटूं नये काय?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या गिरणी कामगारांनीं १८८४ सालीं जो अर्ज केला, त्यांत कामावर कायमचा अपंग झालेल्याच्या पोटाची तरतूद मागितली होती. भरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडलें. पण त्या कायद्यानें एक गोष्ट शहाणपणाची केली. अपघातांत मेलेल्याची रक्कम मालकानें परस्पर कोणास न देतां कमिशनरकडे भरावी, व कमिशनरनें ती मयतावर अवलंबून असलेल्यांत वाटावी, असें ठरविलें. कागदावर नांव कोणाचें, हें न पाहतां चूल कोणाची विझली, हें त्यानें पाहिलें. मृत्यु-मदतीची वर्गणी सभासदच देतात व तिचे नियमहि सभासदच करतात. मग त्या नियमांत हीच कसोटी घालण्यास कोणाची आडकाठी आहे?

दर वार्षिक सभेंत प्रत्येक सभासदापुढें त्याचा कागद ठेवावा, लग्न झालेल्यास नवा भरावयास लावावा, व त्याची एक नक्कल घरीं बायकोच्या हातांत द्यावी. यावर कांहीं शहाणे म्हणतील कीं, बायकोला फंडाचा आंकडा समजला तर ती डोक्यावर बसेल. बसूं द्या! ती कोर्टाच्या बाकावर बसण्यापेक्षां तें पुष्कळ बरें. आणि पंच हें करणार नसतील, तर पुढल्या पगाराच्या दिवशीं सभासदांनींच पेढींत जाऊन आपापला कागद पाहावयास मागावा.