कुलूप बिघडले तर दुरुस्ती कोठे?

अमरावती–यवतमाळ रस्त्यावरील नेर येथे एक जुनी मोटार सकाळी सुरूच होत नाही, असे समजा. दिवे लागतात, पेट्रोल आहे. पण स्टिअरिंग जागचे हलत नाही.

स्टिअरिंगच्या दांड्यात एक खाच असते. तिच्यात अडसर बसला की स्टिअरिंग अडकते. बटणाने सुरू होणाऱ्या काही मोटारींत हा अडसर छोटी विद्युत मोटर सरकवते. तो पूर्ण मागे आल्याचा संकेत बारीक स्विचकडून मिळाल्याखेरीज इंजिन चालू होत नाही. हे योग्यच आहे. धावत्या गाडीचे स्टिअरिंग अडकले तर अपघातच!

अशा वेळी स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत बटण दाबावे. अडसरावरील ताण कमी होतो. बॅटरीचा दाबही मोजावा. दिवे लागले म्हणजे बॅटरी सशक्त असतेच असे नाही. कुलूप चकवण्याच्या युक्त्या मात्र टाळाव्यात.

झिजते ती लहानशी मोटर किंवा स्विच. बदलावा लागतो बहुधा संपूर्ण संच. तो गाडीच्या संगणकाशी जुळवण्याचे साधन गावच्या मेकॅनिककडे सहसा नसते. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारीही होत्या. साधने खुली केल्यास चोरांचे फावेल, हा आक्षेप रास्त आहे. पण नोंदणी केलेल्या मेकॅनिकला ती देता येतील, आणि दिलीच पाहिजेत, असे आमचे मत आहे.

शिक्षकांनी भंगारातील असे एखादे कुलूप वर्गात उघडून दाखवावे.